फळ्यावरचा मुलूख

"हे कोण लिवलं?" जलीलभाईंनी अंगणातल्या फळ्यासमोर उभं राहून विचारलं, तेव्हा सहाही पोरं दात घासत होती. त्यामुळे लगेच कुणालाच उत्तर देता आलं नाही.

नांदेडच्या क्लासेसच्या गल्लीत जलीलभाईंचं घर होतं. वरच्या खोल्यांत डॉक्टर व्हायला आलेली पोरं राहत आणि खाली त्यांचं जेवण रांधलं जाई. रांधायची जोहरा, भाव खायचे तिचे शोहर जलीलभाई. पाणी कधी सुटणार, दिवे कधी बंद होणार, हे पोरांना कळावं म्हणून अंगणात फळा लावला होता. पण धाकटा मुलगा आसिफ परदेशी गेल्यापासून फळ्याला दुसरंच काम लागलं होतं.

इथं दोनदा परीक्षा देऊनही क्लासवाल्यांनी आसिफचा फोटो कुठल्या खांबावर लावला नाही, म्हणून बापानं त्याला डॉक्टर व्हायला किर्गिझस्तानात धाडलं. तिथून तो अभ्यासाबद्दल चकार शब्द कळवत नसे. रोज एक मजेशीर माहिती मात्र न चुकता पाठवी. इथले लोक घोडीचं दूध पितात. इथं चहाचा कप अर्धाच भरतात, काठोकाठ भरला तर पाहुण्यानं उठायचं असतं. इथं पाव उलटा ठेवला तर घरमालकीण अंगावर येते. शेवटचं वाक्य ठरलेलं: कसले येडे लोक!

जलीलभाई हे जेवताना मोठ्यानं वाचून दाखवत. पोरांना हसणं भागच असे, कारण वाढायचं बाकी असे. मग ते त्यांतल्याच संघपाल नावाच्या पोराकडून तीच माहिती फळ्यावर लिहून घेत. जाणाऱ्या-येणाऱ्यानं वाचावी आणि जलीलभाईंचा पोरगा परदेशात आहे हे ध्यानात घ्यावं, एवढाच हेतू. स्वतः जलीलभाई हैदराबादच्या पलीकडे कधी गेले नव्हते, पण किर्गिझ लोकांना नावं ठेवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

जोहरा एकदा म्हणाली होती, की ज्यांच्या छपराखाली पोरगं राहतंय त्यांची अशी टिंगल बरी नव्हे.

"तू गप ऱ्हा," जलीलभाई म्हणाले. "तुला भूकंपातून उचलून आणली म्या. तुला मुलखाचं काय कळतंय?"

भूकंपाचं खरंच होतं. त्र्याण्णव साली औशाकडच्या गावात तिचं घर बसलं, तेव्हा ती लातूरला शिकत होती. बापानं घाईघाईनं निकाह लावून तिला नांदेडला पाठवली. त्यानंतर पोळ्या किती आणि सालन पुरे का, यापलीकडे तिला कुणी काही विचारलं नाही.

तर त्या सकाळी आसिफच्या माहितीखाली कुणीतरी लिहिलं होतं: "जलीलभाईंच्या मुलखात राजा रोज मीठ कमी म्हणतो आणि वाडगं चाटून परत करतो."

जलीलभाईंनी ते बाहीनं पुसलं. दुसऱ्या दिवशी नवी ओळ होती: "या मुलखात राजाला आपला पायजमा सापडत नाही, पण किर्गिझस्तान तोंडपाठ आहे." तिसऱ्या दिवशी: "या मुलखात मुलगा पास झाला तर बापाचा, नापास झाला तर आईचा." आता गल्लीतले लोक आसिफची माहिती सोडून खालची ओळ वाचायला थांबू लागले. हे मात्र जलीलभाईंच्या जिव्हारी लागलं.

त्यांनी पोरांना अंगणात उभं केलं आणि प्रत्येकाकडून तीच ओळ लिहून घेतली. एकाचंही अक्षर जुळेना. फळ्यावरचं अक्षर गोल, ठसठशीत होतं, वरची रेघ पट्टीनं मारावी तशी सरळ. शहाणा माणूस इथंच थांबला असता. जलीलभाई शहाणे नव्हते, मालक होते.

"संघपाल, तूच. डाव्या हातानं लिवलास तू."

"न्हाई ओ चाचा. आईची आन, म्या न्हाई लिवलं."

"मंग कोण लिवलं? या घरात लिवता येणारे तुमी सहाजण. चाबी दे अन् सामान उचल."

संघपाल हदगावचा. त्याची ही दुसरी खेप होती आणि परीक्षा तोंडावर आली होती. अशा दिवसांत या गल्लीत खोली सोडा, झोपायला जिना मिळत नाही. यंदा जमलं नाही तर पुण्याला कंपनीत लागायचं, असं त्याच्या बापानं, लिंबाजीनं, बजावून ठेवलं होतं. खोली गेली म्हणजे परीक्षाही गेली. त्याला रडू आलं आणि रडू आलं याची लाजही वाटली.

बाकीची पाच पोरं आपापल्या चपलांकडे बघत राहिली. उद्या माणसांचे जीव वाचवणार होती म्हणे.

संघपालनं गादी गुंडाळली, पेटी खाली आणली, चावी पुढे केली. जलीलभाईंनी ती खिशात टाकली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की किर्गिझस्तानात असा नमकहराम निघाला असता तर लोकांनी त्याला बर्फात गाडला असता. ही माहिती आसिफनं पाठवलेली नव्हती. ती त्यांनी मनानंच रचली.

तेवढ्यात जोहरा स्वयंपाकघरातून बाहेर आली. पोराला वाटेत खायला दोन पोळ्या बांधून देत असेल, असं सगळ्यांना वाटलं. पण तिचे हात रिकामे होते. तिनं हातांना लागलेलं पीठ ओढणीला पुसलं, दारात ठेवलेली पेटी ओलांडली आणि फळ्याखालचा खडू उचलला. मग, कुणी काही बोलायच्या आत, गोल ठसठशीत अक्षरात लिहिलं:

"या मुलखाच्या राजानं बायकोचं अक्षर अजून पाहिलेलं नाही."