गादीखालचा सेन्सर

बाबांच्या गादीखाली वजन ओळखणारा सेन्सर मुलानेच बसवला होता. बाबा उठले, गादीवरचं वजन गेलं की आईचा फोन वाजायचा आणि हातातलं टाकून ती त्यांना धरायला धावायची. त्या सोमवारी फोन वाजलाच नाही. बाबा एकटेच उठले, पडले आणि गेले. "यंत्रच ते, त्याला काय बोल लावायचा?" भेटायला येणाऱ्यांना आई सांगत राहिली. आठवड्याने त्याने मनाचा हिय्या करून सेन्सरला जोडलेला कॉम्प्युटर उघडला. बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, त्यानेच त्यातल्या लिनक्स प्रणालीचं कर्नल, म्हणजे तिचा गाभा, अपडेट केलं होतं. सेन्सर चालवणारा प्रोग्रॅम, त्याचा ड्रायव्हर, जुन्या कर्नलच्या फोल्डरमध्येच राहून गेला होता आणि तेव्हापासून सेन्सर बंदच होता. त्याने तो नव्या फोल्डरमध्ये बसवून सुरू केला. अवघं पाच मिनिटांचं काम! गादीवर कोणीच नव्हतं. स्वयंपाकघरात फोन वाजला. हातातलं टाकून आई धावत आली, "अरे, बघत काय बसलास? बाबा उठले, धर त्यांना!"