ओल्या भिंतीची चव

बाहत्तरच्या दुष्काळात पडत्या भावानं घरं घेत सुटलेले बद्रीनाथशेठ मस्तगडात साळूबाईचं घर पाहायला गेले, तेव्हा आडात पाण्याचा टिपूस नव्हता. माजघराची भिंत मात्र माणसाच्या उंचीएवढी ओलीकच्च होती.

"कुठनं येतं हे पाणी?"

"ठाव न्हाई, शेठजी. आमचे घरधनी गेले तव्हापासून हाय."

घर घेण्याआधी भिंतीचा पोपडा जिभेवर ठेवून लोणा, म्हणजे भिंतीला फुटलेला खार, ओळखायची बद्रीनाथांची जुनी सवय. हा पोपडा खारट लागला, आणि कोमट.

भाव पाडायला निमित्त सापडलं, म्हणून त्यांनी कोपऱ्यातली पहार उचलली आणि ओलीच्या मधोमध हाणली.

आत कुणीतरी कण्हलं.

आपल्याला भिववायला पलीकडे कुणी लपलंय असं वाटून बद्रीनाथ चवताळले. दुसरा घाव त्यांनी डोक्याच्या उंचीवर घातला. नारळ फुटावा तसा आवाज झाला.

"जल्दी बाहेर या, शेठजी!" साळूबाई दारातून ओरडली. "घरधनीबी असंच ठोकून पाहून राह्यले होते!"

बद्रीनाथांच्या हातातून पहार गळून पडली. तिसरा घाव तरीही पडला, भिंतीच्या आतल्या बाजूनं.

त्यांच्या कपाळावरून एक ओघळ ओठांपर्यंत उतरला. खारट होता, आणि कोमट.