भातुकलीचा कोपरा

बालवर्गातला भातुकलीचा कोपरा बंद करा, म्हणून एका आईने मुख्याध्यापिकेकडे तक्रार केली. "घर-घर खेळायला मुलीला घर आहे आमचं. इथे बाई नुसत्या बसून असतात," असं ती सगळ्या पालकांसमोर बाईंच्या तोंडावर म्हणाली. घरच्यांनी एकदा येऊन खेळ बघावा आणि मग काय ते ठरवावं, एवढंच बाईंनी गोडीत सुचवलं.

ठरलेल्या दिवशी मोठी माणसं बुटक्या खुर्च्यांवर अवघडून बसली. बाईंनी त्याच आईच्या लेकीला पुढे घेतलं. "आज तू कोण होणार गं?"

"आई." तिने लाकडी ठोकळा कानाला लावला आणि कमरेवर हात ठेवला. "अगं, म्हातारी आलीये परत ठाण मांडायला. मी डोकं दुखतंय सांगून लोळत पडलेय. करू दे तिलाच स्वयंपाक."





मग बाई पहिल्या रांगेकडे वळल्या आणि मुद्दाम फोन करून बोलावलेल्या त्या आईच्या सासूबाईंना त्यांनी अदबीने विचारलं, "काय आजी, कोपरा ठेवायचा ना?"