कौलांपलीकडचा उंदीर

फेकलेला दात परत आला. कागदाच्या पुडीसकट, थेट टिफनीच्या पायाशी.

"मम्मी, उंदराने घेतला नाय!"

रोझलिनने हसू दाबलं. निर्मळच्या वाडीतल्या त्या बुटक्या कौलारू शेडमागे कोण बसलंय, ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिचा थोरला भाऊ एरॉल. वय सत्तेचाळीस, अक्कल नऊ.

शेडमागून चिरका आवाज आला, "शी! काळा दात! याच्या बदल्यात नवा मागतेस? जा, बाकीचे घासून ये आधी!"

बेत रोझलिनचाच होता. सात वर्षांची टिफनी ब्रश बघितला की तोंड मिटायची. "पडणारच आहेत ना? मग कशाला घासायचे?" डेंटिस्टने आरसा घालून दाखवलं होतं, पार मागे नव्या दाढा आल्यात. एकही दात न पडता, गुपचूप. रोझलिनलाही त्या दुधाच्याच वाटल्या होत्या. नव्हत्या. या कायमच्या; किडल्या तर पुन्हा काही येणार नव्हतं. टिफनीला काही ते पटेना. मग रोझलिनने भावाला फोन लावला. फुलपाड्यात त्यांच्या सातव्या मजल्यावर कौलं कुठली? दात टाकायला मामाकडेच यायचं होतं.

उंदराची बोलणी बरोबर लागली. टिफनी दोन्ही वेळा घासायला लागली. मागच्या दाढांवर तर जास्तच. आरशासमोर आ करून स्वतःच तपासायची.

नाताळच्या सुट्टीत दुसरा दात पडला. पांढराशुभ्र. एरॉल पुन्हा शेडमागे. बक्षीस म्हणून तो चॉकलेट फेकणार होता. रोझलिन अशी काय तडकली, की त्याने मुकाट वाडीतला पेरू तोडला. त्याला स्वतःला काही तो चावता येणार नव्हता. तंबाखूने पोखरलेली दाढ परवाच काढली होती. गाल अजून टम्म. काढलेली दाढ त्याने खिडकीत बशीत ठेवली होती, पोरांना घाबरवायला.

पुडी आली ती त्याच्या टकलावर आपटली. वजनाला आत खडा होता. कळवळत त्याने ती उघडली. टिफनीचा दात नव्हताच. मोठी, पिवळी, भोक पडलेली दाढ होती. ओळखीची.

"उंदीरमामा," पलीकडून टिफनी ओरडली, "घाण आहे, माहितीय मला. पण परत टाकू नका हां. एरॉलमामाची आहे."

एरॉलला एक झकास टोमणा सुचला. चिरका आवाज लावायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात दुसरी पुडी येऊन पडली. छोटीशी.

"आणि हा माझा. मस्त घासलाय, बघा. याच्या बदल्यात नवी दाढ त्याला द्या. माझा तसा पण येतोय. त्याची येणार नाय."