शेवटचा डबा

गार्डानं त्र्याण्णवावा माणूस गुडघा लावून आत दाबला, दाराला कुलूप घातलं आणि हरिहरनं वहीत आकडा लिहिला. डब्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं, ‘बसण्यास पन्नास’. आतून कोणीतरी गार्डाच्या सात पिढ्या उद्धरल्या. गार्डानं दारावर काठी आपटली. कल्याणहून ठाण्याला जाणारी सकाळची ही एकच गाडी. ती चुकली की दुपारपर्यंत दुसरी नाही, आणि दुपारी पोचणाऱ्याला मुकादम उभं करत नाही. म्हणून बांधकामावर जाणारे गवंडी-सुतार चढत, शिव्या देत, शिव्या खात.

हरिहर कल्याणच्या शाळेत मास्तर होता. मुंबईच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकून आलेला. आरडाओरड्यावर त्याचा विश्वास नव्हता, आकड्यांवर होता. दिवाळीच्या तोंडावर त्याच्या आळीतला तानाजी गवंडी याच शेवटच्या डब्यात दाराशी चेंगरून उभा होता. कुलूप नीट बसलं नव्हतं. खाडीच्या पुलावर दार उघडलं आणि तो बाहेर फेकला गेला. तानाजी वाचला, पण डावा पाय गुडघ्याखाली गेला. स्टेशनमास्तरनं चौकशीत लिहून दिलं की डब्यात भरपूर जागा होती, हा इसम हौसेनं दाराशी उभा राहिला. त्यानंतर हरिहर रोज शाळेआधी फलाटावर येऊन शेवटच्या डब्यातली माणसं मोजू लागला. स्टेशनमास्तर येताजाता टोमणा मारी, की मास्तर, एवढी हौस असेल तर गोठ्यात जाऊन शेपट्या मोजा.

दीड महिना मोजल्यावर त्यानं आगगाडीच्या कंपनीला अर्ज केला. सकाळी दुसरी गाडी सोडा आणि तानाजीवरचा ठपका पुसा, एवढंच मागणं. अर्जावर सह्या थोड्या आणि निशाण्या फार होत्या. सुतारांनी लाकूड तासायचा वाकस काढला होता, गवंड्यांनी थापी. तानाजीची थापी सगळ्यांत वर होती. सोबत आकड्यांचं कोष्टक. कॉलेजातल्या शिस्तीप्रमाणे, बाकीच्यांशी मुळीच न जुळणारे आकडे त्यानं वगळले होते. सरासरी आली एक्याण्णव.

कंपनीचं उत्तर आलं. साहेब स्वतः पाहणीला येतील. दिवस अर्जदारानंच ठरवावा, म्हणजे मागाहून कुरकुर नको. डबा भरलेला दिसला तर दुसरी गाडी मिळेल. न दिसला तर अर्ज खोटा धरला जाईल, आणि विनाकारण ओढला जाणारा हा डबाही काढून घेतला जाईल.

हरिहरनं एकोणीस जानेवारी कळवली. गुरुवार. त्याच्या वहीत गुरुवारचे आकडे सरासरीच्या सर्वांत जवळ होते. गावात कोणाला सांगायचं नाही असं त्यानं ठरवलं, कारण मुद्दाम जमवलेली गर्दी हा पुरावा नव्हे. फक्त तानाजीला सांगितलं. त्याला साहेबापुढे उभं करायचं होतं.

“एकोनीस म्हंजी तिथी कंची, मास्तर?” तानाजीनं विचारलं.

“आगगाडी तिथीवर चालत नाही, तानाजी.”

शिकलेल्या माणसाला एकच गोष्ट दोनदा विचारायची तानाजीला सवय नव्हती.

एकोणीस तारखेला साहेब घड्याळ हातात घेऊन फलाटावर उभा होता. तानाजी कुबडी घेऊन आला होता. हरिहर पहाटेपासून वाट पाहत होता. गाडी येण्याची वेळ झाली तरी, रोज आत अडवलेली गर्दी हलवून सोडी ते मुसाफिरखान्याचं फाटक आज कोणी हलवत नव्हतं. गाडी आली. शेवटच्या डब्यात कचेरीतले काही कारकून चढले, दोन शिपाई चढले, एक अत्तरवाला चढला. गार्डानं हसतहसत दार धरून ठेवलं आणि हवं तर आडवे व्हा म्हणून सगळ्यांना आग्रह केला. साहेबानं डब्यावरचा पांढरा आकडा वाचला, मग आतली माणसं स्वतः मोजली. सतरा.

साहेबानं वळून तानाजीच्या कुबडीकडे पाहिलं.

“इतनी जगह में तुम दरवाजे पर खडा था?”

साहेबानं कागदावर दोन ओळी खरडल्या. स्टेशनमास्तरनं त्या मोठ्यानं मराठीत सांगितल्या, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा: अर्ज खोटा, आणि सोमवारपासून हा डबा बंद. गार्डानं दाराला कुलूप घातलं. आज ते एका झटक्यात बसलं.

गाडी सुटली. हरिहरचा सगळा राग तानाजीवर उलटला. रोज जनावरांसारखे एकमेकांच्या उरावर बसता, त्यानं दात आवळून विचारलं, आणि आज कुठे मेलेत सगळे?

तानाजीनं कुबडी दुसऱ्या बगलेत घेतली.

“आज अवस हाय, मास्तर. अवसंला आमच्यात कोन थापीला हात लावत न्हाई. सुतार वाकसाला लावत न्हाई.” मग अगदी हळू म्हणाला, “म्हनून तिथी इचारली हुती.”

अमावास्या. हरिहर बाकावर बसला आणि त्यानं वही उघडली. एकवीस नोव्हेंबर, सोळा माणसं. एकवीस डिसेंबर, एकोणीस. एकीपासून दुसरी तीस दिवसांवर, आणि दुसरीपासून आजचा दिवस एकोणतिसावा. दोन्ही ओळी तांबड्या शाईनं खोडलेल्या होत्या, आणि दोन्हींपुढे त्याच्याच सुबक अक्षरात शेरा होता: ‘मोजण्यात चूक.’