मशीनवरचा माणूस

खोक्यांच्या कारखान्यात तो पुठ्ठा कापायच्या मशीनवर होता. मुकादमाची जागा रिकामी झाली की तो मॅनेजरसमोर जाऊन उभा राहायचा आणि मॅनेजर दर वेळी हसून म्हणायचा, "अरे बाबा, तुला वर घेतलं तर हे खटारं कोण चालवणार? ते तुझ्याशिवाय कुणाचं ऐकतं का?" कौतुकाने पोट भरलं असतं, तर त्याच्या घरातली सगळी गलेलठ्ठ झाली असती.

यंदा त्याने मनाशी पक्कं केलं. बायको तिथेच पॅकिंगला होती. जेवणाच्या सुट्टीत तो तिला मशीनवर उभी करू लागला. पट्ट्याचा आवाज बदलला की हात मागे घ्यायचा, पुठ्ठा डावीकडे सरकला की गुडघ्याने रेटायचा, सगळं शिकवलं.

"लग्न झाल्यापासून इतक्या गोडीने कधी बोलला नाहीत," ती म्हणाली.

तिचा हात बसला तसं त्याने मॅनेजरला बोलावून तिचं काम दाखवलं. "साहेब, मशीनची काळजी मिटली. आता तरी मला मुकादम करा."

मॅनेजर बराच वेळ बघत राहिला. "झकास! वहिनी पॅकिंगच्या पगारातच मशीन चालवतील. तू उद्यापासून येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच कामाला निघाली. दारात थांबून डोळे पुसत म्हणाली, "मोडूनच टाकते मेलं ते मशीन. झक मारत बोलावतील तुम्हाला."




"नको गं," तो म्हणाला. "नीट चालव. आता घरात तुझाच पगार आहे."