मातीची भूक

तात्यांची काठी. चहाची किटली. एक फावडं. दोन सुती चड्ड्या.

सेंद्रिय गटातले शेतकरी वैजयंताच्या बांधावर जमले होते. तीन वर्षं शेणखत वाहून तिनं रान खरंच जिवंत केलं असेल, तरच गटाचा शिक्का मिळणार होता. परीक्षा गटप्रमुख तात्यांनीच ठरवली होती. दोन महिन्यांपूर्वी एक चड्डी तिच्या वांग्यांत पुरली, दुसरी शेजारच्या युरियावरच्या उसात. जिवंत माती सुती कापड खाऊन टाकते.

आधी उसातली निघाली. अख्खी. तात्यांनी ती झटकली. "धुऊन घाला की कुणीतरी!"

सगळे हसले. वैजयंता मात्र फावडं उचलून वांग्यांकडे वळली.

मग वांग्यांत फावडं लागलं. भुसभुशीत मातीत गांडुळं वळवळली. तात्यांनी हात घातला, चाचपलं आणि वर काढलं ते नुसतं कमरेचं इलॅस्टिक.

"पोरी, तुझं रान लई खादाड गं!"

वैजयंतानं ते इलॅस्टिक हिसकावलं, तात्यांच्याच काठीला बांधलं आणि झेंड्यासारखं उंच धरलं. "मारा आता शिक्का, तात्या!"

चड्ड्या पुरल्या त्या दिवशी तिचा नवरा त्या घरभर शोधत होता.